साखरझोपेची वेळ

एप्रिलची रात्र आहे. रत्नागिरीजवळच्या एका बागेत तुम्ही हापूसच्या पेट्या टेम्पोत चढवताय. पेंढ्याचा वास, आंब्याचा वास, बॅटरीचा पिवळा उजेड. उजाडायच्या आत माल वाशीला लागला पाहिजे. तिथून काही पेट्या विमानाने दुबईला जायच्या आहेत. ड्रायव्हर चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि जांभई देतो. वर, समुद्राच्या अंगाला, एक दिवा लुकलुकत सरकतोय. त्याच्याकडे बघत राहा. घड्याळाचे काटे आता उलटे फिरताहेत.

१९५०चा हिवाळा. तुम्ही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर कुडकुडत उभे आहात. मध्यरात्र उलटली आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी निघालेली डाकोटा विमानं इथे एकत्र येतात. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जातात आणि उजाडायच्या सुमाराला विमानं आपापल्या शहरी परततात. रात्रीच्या हवाई टपालाची ही सोय १९४९मध्ये सुरू झाली. एखाद्या थैलीवर हात ठेवून बघा. रत्नागिरीहून बोटीने मुंबईला गेलेलं पत्र कदाचित हिच्यातच असेल. कलकत्त्याच्या माणसाच्या हातात ते लवकर पडावं म्हणून कुणीतरी आज झोपलेलं नाही.

आपल्या आज्या पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणायच्या. अंग गार पडतं, हात जड होतात, डोळा आपोआप मिटतो. विमानवाहतुकीच्या नियमांतही रात्री दोन ते सहा हा काळ वेगळा काढलेला आहे, कारण तेव्हा शरीर काम करायला तयारच नसतं.

पुढचा मुक्काम २२ मे २०१०, दुबईहून मंगळूरला निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७. हे मालवाहू विमान नाही. मागे १६० प्रवासी आहेत. हेच वैमानिक आदल्या रात्री विमान घेऊन दुबईला गेले आणि आता परत येताहेत. कॉकपिटमध्ये तुम्हाला घोरणं ऐकू येतं. दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले आहेत. मंगळूरचं रडार बंद असल्याने विमान खाली उतरवायला उशीर होतो. कॅप्टन जागे होतात, पण तसं उठलेल्या माणसाचे डोळे आधी उघडतात आणि डोकं मागाहून येतं. विमान हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. सहवैमानिक तीनदा सांगतात की उतरू नका, पुन्हा वर घ्या. धावपट्टी आपल्या सड्यासारख्या डोंगरमाथ्यावर, आठ हजार फुटांची. चाकं टेकतात ती ५,२०० फूट उलटून गेल्यावर. पलीकडे दरी. कर्मचारी धरून १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीचं काम एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होतं, आणि अहवालाने त्या झोपेला अपघाताच्या कारणांमध्ये जागा दिली.

आता मात्र थोडं जास्त थांबा. १४ ऑगस्ट २०१३, अमेरिका. लुईव्हिलहून बर्मिंगहॅमला निघालेल्या यूपीएसच्या एअरबस ए-३००मध्ये तुम्ही दोन वैमानिकांच्या मागच्या खुर्चीवर बसला आहात. प्रवासी एकही नाही, मागे सगळी पार्सलं. निघण्याआधी दोघं बोलताहेत. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारीपासून लागू होणार आहेत, पण प्रवासी विमानांपुरतेच. मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळलंय. सुरक्षितता सगळ्यांना सारखीच हवी, असं दोघांचंही मत पडतं.

प्रवास पाऊण तासाचा. बर्मिंगहॅमची मोठी धावपट्टी दिव्यांच्या कामासाठी पहाटे पाचपर्यंत बंद आहे, म्हणून छोटीवर उतरायचं ठरतं. संगणकात भरलेल्या मार्गातला एक जुना टप्पा तसाच राहून जातो, त्यामुळे उतरण्याची रेषा चुकीची दिसते, आणि ते दोघांच्याही ध्यानात येत नाही. कॅप्टन पद्धत बदलतात. विमान मिनिटाला १,५०० फुटांनी खाली येऊ लागतं. ठरलेली किमान उंची आली की सहवैमानिकेने मोठ्याने सांगायचं असतं. ती उंची मागे पडते. तुम्ही कान देऊन ऐकता. कुणी बोलत नाही. वेगाने खाली येताय, असा इशारा यंत्र देतं. कॅप्टनना धावपट्टी दिसते आणि लगेच झाडं येतात. ४ वाजून ४७ मिनिटं. मोठी धावपट्टी उघडायला तेरा मिनिटं बाकी. दोघंही गेले.

सहवैमानिकेने सुट्टीचे तास नीट झोपून काढले नव्हते, हेही तपासात निघालं. मी ते नाकारत नाही. पण रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा, भर दिवसा गादीवर पडणं आणि झोप लागणं यांत किती अंतर असतं. अमेरिकेचा तो नियम २०१४मध्ये लागू झाला आणि मालवाहू वैमानिक बाहेरच राहिले. मागे माणसं नाहीत म्हणून पुढच्या दोघांना झोप कमी लागते, असं तर नाही ना? हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

आपल्याकडे जानेवारी २०२४मध्ये नवे नियम जाहीर झाले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर, रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर. ते नोव्हेंबर २०२५मध्ये पूर्ण लागू झाले आणि पुढच्याच महिन्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि तिला काही काळ सवलत मिळाली. वैमानिक पुरेसे नव्हते. म्हणजे तोवरचं वेळापत्रक कुणाच्या तरी झोपेतून कापून काढलेलं होतं.

परत बागेत या. दिवा दिसेनासा झालाय. टेम्पो भरलाय, दोरी आवळायची आहे. हातखंब्याला महामार्ग लागला की पुढे रात्रभर घाट आणि वळणं. पेट्या एक दिवस उशिरा गेल्या तर भाव थोडा पडेल, इतकंच. दोरी आवळण्याआधी ड्रायव्हरला विचारा, “दादा, शेवटचं कधी झोपलात?” आणि उत्तर ऐकून मगच टेम्पो सोडा.