भोगीचे पान
ऐन थंडीत, मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगे यांची लेकुरवाळी भाजी करण्याचा आपला जुना प्रघात आहे. त्या ऋतूत शेतमळ्यांत पिकते तेच पानात येते. तीळ व बाजरी उष्ण म्हणून योजिली. शेजारी वाट्या देण्याघेण्यातून एका घरची कृती दुसऱ्या घरी गेली; ती लिहून ठेवणारे थोडे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली व कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली, त्यामुळे पुष्कळ पदार्थ ग्रंथरूपाने राहिले. तथापि प्रत्येक घरची फोडणी निराळी. ती वृद्ध हातांबरोबरच लोपते. यास्तव ज्ञातिबंधुभगिनींनी यंदाच्या भोगीस वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या घरचे प्रमाण वहीत उतरवावे, एवढीच आमची विनंती.