परवचा ते पूर्वपरीक्षा

पंतोजींच्या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हती. मूल धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवी, मग मोडी वळणाकडे आणि हिशेबाकडे वळे. दिवेलागणीला परवचा होई. एक मुलगा पुढे उभा राहून ओळ म्हणे, बाकीचे ती सुरात उचलत. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनची पट औटकीत आयतीच सापडे, म्हणून दुकानदाराच्या पोराला कागद लागत नसे. चुकणाऱ्याला छडी होती, हे विसरता येत नाही. पण वर्षभराचे शिकणे एकाच दिवशी पणाला लागत नव्हते.

वेदपाठशाळेत पाठांतराची बांधणी याहून काटेकोर होती. एकच मंत्र संहिता, पद, क्रम, जटा आणि घन अशा पाठांनी म्हटला जाई. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी जोडायचे. जटापाठात तीच जोडी उलटसुलट फिरवायची. एक पद गळले तर पुढची जोडीच जुळत नसे. पण ही विद्या मोजक्यांसाठीच राखलेली होती.

लेखी परीक्षेचे युग मुंबई विद्यापीठाने आणले. स्थापना 1857 ची, पहिली मॅट्रिक 1859 ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. उत्तरे इंग्रजीत लिहायची होती. मोठ्याने म्हणायचा अभ्यास आता एकट्याने, मनातल्या मनात करायचा झाला. सरकारी नोकरी आणि कॉलेज या एका परीक्षेवर अवलंबून राहू लागले, तशी तिची धास्तीही घराघरांत शिरली.

त्या अभ्यासाला जागा कुठे होती? परळच्या डबक चाळीत आंबेडकर कुटुंबाची एकच खोली. चूल तिथे, झोपायचे तिथे. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवत आणि स्वतः झोपत. घर निजलेले असताना मिळणारी ती शांतता बापाने स्वतःची झोप देऊन मिळवलेली होती. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले.

वरळीच्या बीडीडी चाळींत खोली 160 चौरस फुटांची. तिथली मुले रात्री पुस्तके घेऊन जवळच्या एका निवांत रस्त्यावर दिव्याखाली बसू लागली. कुणी फेऱ्या मारत पाठ करी, कुणी पदपथावर गणिते सोडवी. रस्त्याचे नावच अभ्यास गल्ली पडले. उशिरा रात्रीही शेजारी कुणीतरी वाचत असतो, एवढ्याने धीर येतो. परवच्यातली सोबत इथे मुकी होऊन परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

मॅट्रिकची जागा 1949 पासून एसएससीने घेतली, राज्य मंडळ 1966 मध्ये आले आणि 1975 मध्ये अकरावीऐवजी दहावीची पहिली तुकडी बसली. शाळांनी मार्चआधी पूर्वपरीक्षा घेण्याचा प्रघात पाडला. तीन तास सलग लिहायची हाताला सवय होते आणि वेळेचा अंदाज येतो. मंडळानेही ताणाची दखल घेतली: परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर होऊ लागले. प्रश्नपत्रिका वाचायला आधी दहा मिनिटे मिळत. पेपर फुटण्याच्या प्रकारांमुळे 2023 मध्ये ती सवलत बंद झाली आणि तीच दहा मिनिटे पेपरच्या शेवटी वाढवून देण्यात आली.