सायकलस्वाराचा पोशाख : आवड की उत्तर?



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सायकलवाल्यांच्या कपड्यांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण माणसं ज्या गोष्टीवरून हिरिरीने भांडतात, तिथे बहुतेक वेळा एखादा न विचारलेला प्रश्न दडलेला असतो. तो प्रश्न शोधून काढणं हे आमचं जुनं काम. म्हणून हा विषय मी आनंदाने घेतला.

आपल्या अमरावती-अकोल्याकडे गेल्या काही वर्षांत हौशी सायकलस्वारांची संख्या वाढली आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणं हे त्यांचं आवडतं काम. कुणी मुक्तागिरीकडे जातं, कुणी अकोटवरून नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरला जातं. ही मंडळी कुठेही चहाला थांबली की विषय निघतोच. एक जण अंगाला घट्ट बसणाऱ्या लायक्रात असतो. दुसरा सैल अर्ध्या चड्डीत, गुडघ्यांना पॅड बांधून. तिसरा साध्या सुती शर्टात, डोक्याला पंचा गुंडाळून. एकाचे बूट पेडलमध्ये खटकन अडकतात, दुसऱ्याला सपाट पेडलच हवं. आणि टपरीवरचा एखादा म्हातारा विचारतो, "सायकल चालवाले एवढं कायले लागते, बाप्पा?"

या म्हाताऱ्याचा प्रश्न आपण गंभीरपणे घेऊ. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : सायकलस्वाराचा पोशाख ही नुसती आवड नसते. ते कोणत्या तरी अडचणीला दिलेलं उत्तर असतं. अडचणी वेगळ्या, म्हणून उत्तरं वेगळी. भांडण होतं ते प्रत्येक जण आपलं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लावू पाहतो म्हणून. आणि हे इतिहासात फार स्वच्छ दिसतं.

सुरुवात विलायतेतून करू, कारण सायकल तिथूनच आली. १८८५ साली स्टार्लीची 'रोव्हर' आली. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली, म्हणजे जवळपास आजची सायकल. १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव आणली आणि दहा वर्षांत सायकल मध्यमवर्गाच्या घरात गेली. बायकाही चालवू लागल्या. आणि लगेच अडचण आली : घोट्यापर्यंतचा घोळदार झगा साखळीत अडकतो. त्यावर एक उत्तर होतं दुभंगलेल्या वस्त्राचं, म्हणजे सैल विजारीचं. १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या बाई अशी विजार घालून, सायकलवरून, सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावच्या हॉटेलात जेवायला गेल्या. मालकिणीने त्यांना नेहमीच्या दालनात बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याशेजारची खोली दाखवली. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला. १८९९ मध्ये तो हरला. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने उत्तर अगदी बरोबर होतं, पण समाजाचा प्रश्न वेगळाच होता.

आता आपल्याकडे या. गंमत बघा, आपली नऊवारी कासोट्याची. म्हणजे दुभंगलेलं वस्त्र, ज्यासाठी विलायतेतल्या बायका कोर्टापर्यंत गेल्या, ते आपल्या आज्यांच्या अंगावर रोजचंच होतं. पण आपल्याकडे सायकल बायकांच्या हाती आली, तोवर शिकलेल्या घरांतून पाचवारी येऊ लागली होती. मग कपडा बदलण्याऐवजी यंत्र बदललं. आडवी दांडी खाली आली आणि लेडीज सायकल झाली. मागच्या चाकावर जाळी बसली, साखळीला पूर्ण झाकण आलं. ही युक्तीही मुळात विलायतेचीच, झग्यांसाठी केलेली. इथे ती साडीच्या कामी आली.

पुरुषांचंही तेच. धोतराचा सोगा किंवा पायजम्याची मोरी साखळीत जायची. म्हणून घोट्याला पत्र्याची क्लिप लावायची, नाहीतर सरळ सुतळी. स्वातंत्र्यानंतर ॲटलस, हीरो हे कारखाने उभे राहिले, ते काळ्या रंगाच्या, उंच, वजनदार सायकली करत. त्या सायकलीवर माणूस कापसाचं गाठोडं, दुधाचे कॅन, बायको आणि दोन लेकरं, सगळं नेत असे. त्याचा पोशाख वेगळा नव्हता. कामाला जायचा जो पोशाख, तोच सायकलचा. सायकल चालवणं हे त्याच्या लेखी काम नव्हतंच, कामाला पोचणं होतं. टपरीवरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न या इतिहासातून येतो. तो चुकीचा नाही.

पण त्याच वऱ्हाडात सरंजाम बदलावा लागायचा, हेही ध्यानात घ्या. आपली काळी माती. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते, की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गोळा बसतो आणि चाक फिरेनासं होतं. मग शेतकरी सायकल आडवी करून काडीने चिखल काढत बसतो. काही जण चार महिने मडगार्ड काढूनच ठेवत. आजच्या डोंगरी सायकलीला टायर आणि फोर्क यांच्यात भरपूर मोकळी जागा असते, ती याच अडचणीसाठी. आपल्या शेतकऱ्याने पाना घेऊन हेच साधलं होतं.

ही डोंगरी सायकल आली कुठून? अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही तरुण भंगारातल्या जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटेने खाली सुटायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. वाट तीनेक किलोमीटरची, उतार सुमारे ४०० मीटरचा. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली नावं. आणि त्यांचा पोशाख काय? जीन्स, जाड शर्ट, कामगारांचे बूट, हातमोजे. पडलं तर चामडी सोलू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पुढे हा खेळ झाला. १९९० मध्ये ड्युरँगोला आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला जागा मिळाली. आणि खेळ झाल्याबरोबर तो दुभंगला. चढ-उतार दोन्ही असलेल्या लांब शर्यतीत घाम, वजन आणि घर्षण हे प्रश्न. तिथे लायक्रा आली. हा धागा १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत तयार झाला. नुसत्या उताराच्या शर्यतीत प्रश्न पडण्याचा, म्हणून सैल कपडे, आत गुडघे-कोपरांचे पॅड, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. काही उतारवाल्यांनी वेग वाढावा म्हणून घट्ट पोशाख घातला, तेव्हा महासंघाने पुढे नियमाने तो बंद केला. कारण काय? सैल कपडा ही तोवर उतारवाल्यांची ओळख झाली होती. म्हणजे बघा, अडचणीला दिलेलं उत्तर हळूहळू जातीचं चिन्ह होतं. हा या इतिहासातला महत्त्वाचा धडा आहे.

पेडलचंही तसंच. १९९० मध्ये शिमानोने डोंगरी सायकलीसाठी बूट अडकणारं पेडल आणलं. चढावर पाय वर ओढतानाही जोर लावता येतो, खडबडीत वाटेवर पाय सुटत नाही. पण दगडांतून सायकल हातात धरून चालायची वेळ आली, की तळव्याखालचा धातू घसरतो, आणि घाबरल्या क्षणी पाय सोडवता आला नाही तर माणूस सायकलसकट आडवा होतो. ज्याला चढायचं आहे त्याला एक बरं, ज्याला शिकायचं आहे त्याला दुसरं.

आता आपल्या घाटाकडे परत येऊ. कापड कोणतं? ज्या वऱ्हाडाचा कापूस १८६०च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांना जात होता, त्या वऱ्हाडातला सायकलस्वार आज पॉलिएस्टर घालतो. काहींना हे खटकतं. पण कारण समजून घ्या. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. पॉलिएस्टर तो फारसा पीत नाही, पसरवतं आणि लवकर वाळतं. एप्रिलमध्ये अकोल्याच्या कोरड्या उन्हात ओला सुती पंचा डोक्याला बांधला, तर तो आपल्या घरच्या कूलरसारखं काम करतो. पाणी उडतं, गारवा येतो. तिथे पंचावाल्याचं शंभर टक्के बरोबर. पण तोच माणूस डिसेंबरच्या पहाटे घाट चढून, घामाने भिजून, सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला पोचला आणि लगेच उताराला लागला, तर तोच गारवा छातीत बसतो. माणूस एकच, घाट एकच, उत्तरं दोन.

घट्ट चड्डीला हसणारे पुष्कळ. त्यांना मी आखाड्यात नेईन. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. आपल्या व्यायामपरंपरेत लंगोट हा काय प्रकार आहे? कामासाठी घट्ट बांधलेलं वस्त्र. आखाड्यात त्याला कुणी हसत नाही, आणि तो घालून कुणी बाजारात जात नाही. सायकलच्या चड्डीत मांडीखाली पॅड असतं. पूर्वी तिथे मऊ चामड्याचा तुकडा शिवत. आत दुसरं काही घालायचं नसतं, नाहीतर शिवण घासून कातडी सोलते. ही आखाड्याची वस्तू आहे, फक्त हिचा आखाडा सार्वजनिक रस्त्यावर आहे. म्हणून पुष्कळ जण वरून सैल चड्डी चढवतात. एक चड्डी शरीरासाठी, दुसरी लोकांसाठी.

आणि काटे. आपल्याकडे बाभळीचे काटे. काही जण ट्यूब काढून टायरमध्ये भोक बुजवणारं द्रव घालतात. बारीक काटा गेला तर आपोआप बंद होतं. दुसरे म्हणतात, साधी ट्यूबच बरी, कोणत्याही गावात पंक्चरवाला ठिगळ लावून देतो. पहिला यंत्रावर विसंबतो, दुसरा शेजाऱ्यावर. दोघंही शहाणेच.

मुक्तागिरीचं नाव मी सुरुवातीला घेतलं. ते जैनांचं तीर्थ. जैन तर्कशास्त्रात 'नय' नावाची कल्पना आहे. वस्तूकडे एका बाजूने पाहणं म्हणजे नय. त्यात दोष नाही, माणूस एका वेळी एकाच बाजूने पाहू शकतो. दोष तेव्हा, जेव्हा तो दुसऱ्या बाजू नाकारतो. त्याला 'दुर्नय' म्हणतात. लायक्रा हा नय. सुती पंचा हा नय. 'हे नाही तो सायकलस्वारच नाही' हा दुर्नय.

मग सगळंच सारखं का? नाही. इथे मला आवडीनिवडीच्या गप्पांतून बाहेर यायचं आहे. १९९१ मध्ये हेल्मेट सक्तीचं करू पाहिलं, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीतल्या व्यावसायिक स्वारांनी विरोध केला. उकडतं, जड होतं, आमचं आम्ही पाहू, असं त्यांचं म्हणणं. नियम मागे पडला. मार्च २००३ मध्ये त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तो गेला आणि त्याच वर्षी सक्ती आली. कापडाची निवड चुकली तर घाट तुम्हाला दुसरी संधी देतो. डोक्याच्या बाबतीत देईलच असं नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी हेल्मेट, मग चांगले ब्रेक, बाकी सगळं नंतर.

आणि शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. मेळघाटात रोज सायकल कोण चालवतं? धारणी, चिखलदरा तालुक्यांतल्या शाळकरी मुली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या मुली डोंगरातून सायकल चालवतात, पण यांना कुणी डोंगरी सायकलस्वार म्हणत नाही. यांचा पोशाख म्हणजे गणवेशाचा सलवार-कमीज, ओढणी दोन खांद्यांना पिना लावून पक्की केलेली. ती पिन म्हणजे १८९८च्या त्याच प्रश्नाचं उत्तर आहे : मोकळं कापड फिरत्या चाकात जाऊ नये. पिन सुटली आणि ओढणी चाकात गेली, तर गळ्याला फास बसतो.

पोशाखाचा इतिहास बहुतेक वेळा विकत घेणाऱ्यांचा लिहिला जातो. या मुलींचं उत्तर दोन पिनांचं आहे, कोणत्याही दुकानाच्या यादीत ते सापडणार नाही. रविवारी घाट चढणाऱ्या मंडळींना माझं सांगणं इतकंच : तुम्ही काय घालता त्यावरून जरूर वाद घाला, त्यातून शिकायला मिळतं. पण वाटेत अशी मुलगी दिसली तर तिची ओढणी सुटली नाही ना, ब्रेक लागतात ना, एवढं विचारून पाहा. तुमच्याकडे पाना असतो, तिच्याकडे नसतो. आणि पुढच्या खेपेला सगळ्यांनी मिळून तिच्या शाळेसाठी चार हेल्मेटं नेता आली, तर न्या.

टपरीवरच्या म्हाताऱ्याला आता सांगता येईल, "बाबाजी, सगळ्यांले सगळं लागत नाही. पण ज्याले जे लागते, त्याले ते लागते." तो हसेल, आणि बहुतेक चहा पाजेल.