खेळण्यांतली आगगाडी आणि तिचे संग्राहक

बाजारांतून आणलेलें खेळणें बहुधा घरीं येतें त्याच दिवशीं पुरें झालेलें असतें. बाहुली आली कीं ती बाहुलीच राहते. भोंवऱ्याची जाळी तुटली कीं त्याचा विषय संपतो. आगगाडीची गोष्ट मात्र निराळी आहे. इंजिन आलें कीं डबे हवेत, डबे आले कीं मालाच्या वाघिणी हव्यात, मग सांधा, मग स्टेशन, मग बोगदा; आणि विकत घेणाऱ्याचे केस पांढरे झाले तरी यादी कांहीं पुरी होत नाहीं. ही ओढ मनुष्यस्वभावांतच असेल. परंतु तिला वळण कोणी लावलें व केव्हां लावलें, हें इतिहासांत स्पष्ट दिसतें.

दक्षिण जर्मनींत ग्योपिंगेन नांवाचें एक गांव आहे. तेथें १८५९ सालीं थिओडोर मेर्क्लिन नांवाच्या पत्र्याचें काम करणाऱ्या कारागिरानें लहान मुलींच्या भातुकलीचीं भांडीं करावयास आरंभ केला. त्याची पत्नी कॅरोलिन हीं भांडीं घेऊन गांवोगांव विक्रीस जाई. १८६६ मध्यें पति वारला, तरी तिनें धंदा सोडला नाहीं. पुढें मुलांनीं तो हातीं घेतला. आतां भातुकलीचा संसार एकदम कोणी विकत घेत नाहीं. या वर्षीं चूल, पुढच्या नाताळांत पातेलीं, त्याच्या पुढच्या वर्षीं फडताळ, असा तो वाढत जातो. हेंच तत्त्व मेर्क्लिन घराण्यानें आगगाडीस लावलें, आणि त्यांतून हा सारा छंद जन्मास आला.

त्यापूर्वीं खेळण्यांतल्या आगगाड्या नव्हत्या असें नाहीं. पुष्कळ गाड्या नुसत्या जमिनीवर ओढावयाच्या असत. ज्यांना रूळ होते त्यांच्या रुळांची रुंदी ज्याची त्याची. १८९१ च्या वसंतऋतूंत लाइप्झिगच्या जत्रेंत मेर्क्लिननें इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा रूळमार्ग मांडला व रुळांच्या रुंदीस अनुक्रमांक दिले. मोजण्याची रीत पुढें थोडी बदलली. तरी आजच्या मापानें एक क्रमांकाची रुंदी ४५ मिलिमीटर व शून्य क्रमांकाची ३२ मिलिमीटर येते. हळूहळू इतर कारखानदारांनींही हींच मापें उचललीं. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाहीं. एकाचें इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर धांवूं लागलें आणि आज घेतलेली वाघीण दहा वर्षांनीं घेतलेल्या इंजिनास जोडतां येईल, अशी घेणाऱ्यास खात्री मिळाली. संग्रहास लागणारा धीर या खात्रीवांचून कोठून येणार?

या धंद्याचें दुसरें पीठ न्युरेंबर्ग. इग्नाट्स व अडोल्फ बिंग या ज्यू बंधूंनीं तेथें १८६३ सालीं काढलेला कारखाना पहिल्या महायुद्धापूर्वीं खेळण्यांच्या धंद्यांत जगांत अग्रगण्य होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत इंग्लंडांतील नॉर्दम्प्टनचा एक तरुण व्यापारी, बॅसेट-लोक, तेथील जर्मन गाड्या पाहून मोहित झाला. त्यानें बिंग घराण्यांतील स्टेफान बिंग यांच्याशीं संधान बांधलें, आणि न्युरेंबर्गांत तयार झालेलीं इंग्रज रेल्वे कंपन्यांच्या रंगांतील इंजिनें इंग्लंडांत विकूं लागला. त्याचें गिऱ्हाइक मूल नव्हतें, मुलाचा बाप होता. खऱ्या इंजिनाशीं ताडून पाहणारा, चाकें मोजणारा, चुकीच्या रंगाबद्दल तक्रारीचें पत्र लिहिणारा हौशी माणूस तेव्हांपासून या बाजाराचा धनी झाला.

श्रीमंतांची हौस कोठवर जाते याचा नमुना आपल्याकडेच आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांत माधवराव शिंदे यांनीं भोजनाच्या मेजावर चांदीची एक छोटी आगगाडी फिरवली. तिच्या डब्यांवर घराण्याच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें आहेत, आणि मद्याचें पात्र उचललें कीं गाडी थांबते! याच महाराजांच्या संस्थानांत दोन फूट रुंदीच्या रुळांवर खरी आगगाडीही धांवत होती. तेव्हां मेजावरची गाडी केवळ थट्टा होती असें म्हणवत नाहीं.

१९१४ च्या युद्धानें जर्मन मालास इंग्लंडचा दरवाजा बंद झाला आणि नंतरही कित्येक वर्षें जर्मन वस्तूविषयीं तेथें तिटकारा राहिला. ती जागा लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं भरून काढली. छिद्रांच्या पट्ट्या जोडून यंत्रें बनविण्याच्या मेकॅनो या खेळाचें पेटंट त्यांनीं १९०१ मध्येंच घेतलें होतें. १९२० मध्यें त्यांनीं चावीची आगगाडी बाजारांत आणली. पुढें विजेची आली, आणि १९३७ सालीं ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ हें इंजिन लांकडी पेटींत, पांच गिनींस. सामान्य मजुराला ती रक्कम आठवड्याच्या मजुरीहूनही जास्त पडे. परंतु याच कारखान्याच्या बिस्किटांच्या व मोहरीच्या जाहिराती रंगविलेल्या वाघिणी थोड्या शिलिंगांत मिळत. त्यांपैकीं कोलमनच्या मोहरीची वाघीण १९२३ च्या सुमारास निघाली व लौकरच बंद झाली. आज जुन्या हॉर्नबीच्या संग्राहकाचे डोळे तीच शोधीत असतात. दैवाचा खेळ असा कीं, पुष्कळ खपलेली वस्तु सर्वांकडे असते, आणि जिच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं ती पुढें अमोल ठरते.

घरें लहान झालीं तशा गाड्याही लहान झाल्या. १९२२ मध्यें बिंगनें मेजावर मावेल अशी, शून्याच्या निम्म्या मापाची गाडी काढली. आजचें साडेसोळा मिलिमीटरांचें माप तेथून आलें. मोटार बसविण्याच्या अडचणीमुळें इंग्रजांनीं रूळ तेवढेच ठेवून इंजिन थोडें मोठें केलें, म्हणून त्यांचें इंजिन आजतागायत रुळांच्या मानानें लठ्ठच दिसतें.

मात्र ज्यांनीं हें केलें त्या घराण्याचा शेवट सुखाचा नाहीं. मंदीच्या लाटेंत १९३२ च्या सुमारास बिंगांचा कारखाना बुडाला. स्टेफान बिंग यांनीं त्यापूर्वींच न्युरेंबर्गांत दुसरा संसार मांडला होता. १९३५ मध्यें त्यांच्या ‘ट्रिक्स’ गाडीनें एकाच रुळावर दोन इंजिनें स्वतंत्रपणें चालवून लोकांना चकित केलें. परंतु ज्यूंनीं धंदा करणें नाझी राजवटीस सहन होणारें नव्हतें. १९३८ मध्यें तोही कारखाना त्यांना सोडावा लागला व इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. बिंगांची छाप असलेलें पत्र्याचें इंजिन हातीं घेणारा जाणता संग्राहक एवढें तरी स्मरतो.

युद्धोत्तर काळांत हा छंद संघटित झाला. अमेरिकेंत १९५४ मध्यें व इंग्लंडांत हॉर्नबीपुरती १९६९ मध्यें संग्राहकांची संघटना निघाली. पुण्यांत कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं १९९८ मध्यें उघडलेल्या संग्रहालयांत तर चालत्या गाड्यांचें एक छोटें शहरच मांडलें आहे. लिव्हरपूलचा जुना कारखाना १९७९ मध्यें बंद पडला, तसे जुन्या मालाचे भाव वाढले. मूळ खोकें असेल तर किंमत फार वाढते. कोणी हौसेनें नवा रंग दिला असेल तर कोसळते. मुलानें खेळून खेळून झिजवलेली गाडी स्वस्त आणि कधींच न खेळलेली महाग, हा न्याय थोडा उलटाच म्हणावयाचा.

पण न खेळलेली गाडीही सुरक्षित नसते. १९३० नंतरच्या कित्येक गाड्यांचीं चाकें व सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले आहेत. त्या धातूंत शिशाचा अल्प अंश जरी भेसळला असला, तरी तो आंतून फुगतो, त्यास चिरा पडतात, आणि खोक्यांत जपून ठेवलेल्या इंजिनाचीं चाकें एके दिवशीं भुग्यासारखीं हातांत येतात. या रोगास औषध नाहीं. ओल टाळावी, थंडी-उष्णतेचे धक्के देऊं नयेत, एवढेंच करतां येतें. नव्यानें ओतलेलीं चाकें मिळतात, तीं बसविलीं कीं इंजिन पुन्हा धांवूं लागतें. मग तें अस्सल म्हणावें कीं नाहीं, यावर लिलावाच्या दालनांत अजून वाद चालतात.