ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? आधी लायसन्स, मग स्टिअरिंग

दहावी-बारावीचे निकाल लागले की राळेगावात आमच्याकडे दोन-चार पालक हमखास येतात. "सर, पोरगा पुढे शिकायला तयार नाही, गाडीवर जातो म्हणतो. पाठवू का?" गाडी म्हणजे ट्रक. विचारण्यात काही गैर नाही. आपल्या तालुक्यातल्या वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, वणीकडे कोळसा आहे, मुकुटबनला सिमेंट, आणि दिवाळीनंतर जिनिंगमधून १७०-१७० किलोच्या कापसाच्या गाठी बाहेर पडू लागतात. काम आहे. पण बहुतेकांची सुरुवातच चुकते, म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

आपल्याकडची जुनी वाट सगळ्यांना ठाऊक आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढतो. टायर ठोकून बघतो, ताडपत्री बांधतो, काच पुसतो, उस्तादसाठी चहा आणतो. वर्षभराने रात्री रस्ता मोकळा दिसला की उस्ताद म्हणतो, "ये, बस जरा." अशा शिकण्यातून चांगले ड्रायव्हर तयार झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण आता कायदा बदलला आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही. म्हणजे दोन-तीन वर्षांची घाई केली आणि सात-आठ वर्षे घरी बसावे लागले! ही गोष्ट घरात मुलाला स्पष्ट सांगा. त्याच्या उस्तादलाही सांगा.

आता सरळ वाट. १८ पूर्ण झाले की हलक्या मोटारीचे, म्हणजे कार-जीपचे शिकाऊ लायसन्स काढायचे. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. अर्ज 'सारथी' या सरकारी पोर्टलवर होतो. आपले परिवहन कार्यालय यवतमाळचे, एमएच २९. हे हलके लायसन्स हातात आल्यावर किमान एक वर्ष थांबावे लागते. ते वर्ष भरल्याशिवाय ट्रकचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही, आणि ट्रकसाठी वय २० पूर्ण हवे. म्हणजे अठराव्या वर्षी लगेच कार शिकून घेतली तरी ट्रकच्या लायसन्ससाठी विसावे वर्ष उजाडतेच.

हे थांबणे मुलांना फार टोचते. आमचे म्हणणे असे की हीच दोन वर्षे सगळ्यात कामाची. गॅरेजात बसा. पंक्चर, ऑइल, फिल्टर, एअर ब्रेकची हवा कुठून येते आणि कुठे गळते, हे शिका. रात्री दोन वाजता रस्त्यावर गाडी बंद पडते तेव्हा हा हुनर कामी येतो. क्लीनर म्हणून जायचेच असेल तर १८ नंतर जा आणि चावीला हात न लावता जा. बिल्टी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, ई-वे बिल हे कागद ओळखायला शिका. हलक्या लायसन्सवर किती मोठी गाडी चालते यावर बरीच वर्षे वाद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितले की मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला वेगळ्या ट्रान्सपोर्ट परवान्याची गरज नाही. छोटा हत्ती, पिकअप या गाड्या त्यात बसतात. दहाचाकी बसत नाही. तिचे एकूण वजन २८ टनांच्या वर जाते.

वीस झाल्यावर ट्रकसाठी दोन कागद महत्त्वाचे. एक, डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, फॉर्म १-अ. दुसरा, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, फॉर्म ५. इथेच फसवणूक होते. नियमाप्रमाणे जड वाहनाचा कोर्स किमान ३० दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १५ तास. आमचा एक जुना विद्यार्थी एजंटला पैसे देऊन "सगळे करून" आला. कागद आला, पण भरलेल्या ट्रकवर तो एकदाही बसलेला नव्हता. पहिल्या मोठ्या उतारावर ब्रेक दाबून दाबून त्याने ब्रेक तापवले. सुदैवाने उजवीकडे शेत होते. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचे, एवढे साधे त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणून फी भरण्याआधी स्कूलला विचारा : ट्रक तुमचा आहे का, आणि पंधरा तास कोणत्या रस्त्यावर चालवायला देणार?

शिक्षणाची अट, जी पूर्वी आठवी पास होती, ती २०१९ मध्ये काढली गेली. तरीही आम्ही शिक्षक म्हणून दहावीचा आग्रह सोडत नाही. एसटी महामंडळाच्या चालक भरतीला दहावी लागते, जड वाहनाचा अनुभवही लागतो. आणि आखातात जायचे मनात असेल तर दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का येत नाही. अर्थात इथले लायसन्स तिथे जसेच्या तसे चालत नाही, तिथली परीक्षा वेगळी द्यावी लागते.

पहिली नोकरी धरताना लाजू नका, पगाराची बोली पक्की करा. महिन्याचा की ट्रिपचा? भत्ता वेगळा की त्यातच? ओव्हरलोडचा दंड कोणाच्या खिशातून? हा दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, त्यामुळे ही बोली तोंडी ठेवू नये. कामाचे तास कायद्याने ठरवले होते दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. रस्त्यावर ते किती पाळले जातात हे ड्रायव्हरच्या घरच्यांना विचारा. झोप येते तेव्हा गाडी बाजूला घ्यायची, मालकाचा फोन नंतर. रमजानमध्ये लांबच्या फेरीवर असलेल्याला सफरची सवलत आहे, रोजा नंतर कजा करता येतो. आपल्या आलिमांना विचारून घ्या, पण उपाशी, अर्धवट झोपेत वीस टन माल हाकू नका.

घरच्यांसाठी एक काम. ड्रायव्हरच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू करा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. आणि लायसन्सची तारीख अम्मीच्या किंवा बायकोच्या मोबाइलमध्येही लिहून ठेवा : ट्रान्सपोर्टचे लायसन्स पाच वर्षांनी संपते, आणि फेरीवर असलेल्याला ते आठवत नाही.