थेंब मोजणारा पंप

मुंबईत जकात होती तोवर माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवणं व्यापाऱ्यांना परवडत होतं. खाडी ओलांडली की जागा होती आणि आग्रा रोड तर दारातूनच जात होता. माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, राहनाळ, वळ अशा भिवंडीजवळच्या गावांत भातखाचरांवर गोदामं उभी राहिली ती त्यामुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र राहिली, वाढलीही. हातमाग आणि यंत्रमागांची भिवंडी अशी देशभरातल्या ट्रकांचंही गाव झाली. आज अंजूरफाट्यापासून रांजणोली नाक्यापर्यंत जड गाड्यांच्या रांगेत उभं राहिलं, तर डिझेल इंजिनाच्या निदान तीन पिढ्या एका नजरेत दिसतात. त्यांच्यातला खरा फरक बॉनेटवर किंवा टायरांत नाही. तो इंजिनाच्या कुशीत बसवलेल्या एका पंपात आहे. मिस्त्री त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतात, आणि ‘पंप गेला’ हे ऐकलं की गाडीमालकाचा चेहरा उतरतो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवतात की तिच्यात डिझेल शिरताच ते स्वतःहून पेटतं. त्यामुळे डिझेल नेमकं कोणत्या क्षणी सोडायचं आणि किती सोडायचं, या दोन प्रश्नांवर सगळं इंजिन चालतं. टाटांचं ‘६९७’ इंजिन घ्या. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. ते मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर पंप त्याच्या निम्म्या गतीने फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला वीस वेळा डिझेल देतो. सहांचे मिळून एकशेवीस. पूर्ण भारावरसुद्धा दर वेळचं माप साधारण एक-दीड थेंबाचं. हा थेंब मोजायला माणसाला तीस वर्षं लागली.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांच्या डोक्यात कोळशाची भुकटीसुद्धा इंधन म्हणून होती. १८९७ मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्यांचं इंजिन यशस्वी ठरलं. त्यात इंधन आत ढकलायचं काम दाबाखालची हवा करत होती. त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, तो अवजड होता आणि इंजिनाचीच ताकद खायचा. कारखान्यात, जहाजात हे चाललं. रस्त्यावरच्या गाडीत एवढं धूड मावणार कुठे? डिझेल १९१३ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना बोटीवरून नाहीसे झाले. आपलं इंजिन रस्त्यावरच्या ट्रकांत रुळलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

हवेशिवाय, निव्वळ पंपाच्या दाबाने इंधन सोडायचा ध्यास अनेकांनी घेतला होता. इंग्लंडमध्ये व्हिकर्स कंपनीत मॅकेक्नी यांनी १९१० च्या सुमारास ते करून दाखवलं. बेंझ कंपनीत प्रॉस्पर लोरांज यांनी सिलिंडरच्या वर एक छोटी कोठी ठेवून कमी दाबावरही डिझेल नीट जळेल अशी सोय केली. १९२४ मध्ये मान कंपनीचा डिझेल ट्रक ऑग्सबुर्गहून न्यूरेम्बर्गला गेला. आपल्या भिवंडी ते नाशिक एवढंच साधारण ते अंतर. पण जो तो आपापला पंप घडवत होता आणि एकासारखा दुसरा निघत नव्हता.

इथे श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने उडी घेतली. हा कारखाना पेट्रोल इंजिनाला ठिणगी देणारी मॅग्नेटो बनवून मोठा झालेला, आणि डिझेलला तर ठिणगीच लागत नाही. उद्या ट्रक डिझेलवर गेले तर आपण काय विकायचं, हा प्रश्न त्यांनी वेळेवर स्वतःला विचारला. १९२२ च्या अखेरीस पंप बनवायचं ठरलं आणि १९२७ मध्ये पंपांचं नियमित उत्पादन सुरू झालं. माझ्या मते ट्रकचा खरा जन्म या वर्षी झाला. इंजिन आधीच होतं. हजारो नगांत सारखंच माप देणारा पंप आत्ता मिळाला.

त्या पंपातली युक्ती आजही पाहण्यासारखी आहे. एक बारीक दट्ट्या, म्हणजे प्लंजर, आणि त्याचं घर म्हणजे बॅरल. दट्ट्याच्या अंगावर तिरपी खाच कापलेली असते. दट्ट्याची खालीवर होण्याची लांबी कायम तीच राहते, पण रॅक नावाच्या दांडीने त्याला स्वतःभोवती थोडं फिरवलं की तिरप्या खाचेमुळे डिझेल लवकर किंवा उशिरा मागे वाहून जातं. तेवढं माप कमी-जास्त होतं. ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा ही दांडी सरकते. वेग हाताबाहेर जाऊ लागला की गव्हर्नरची फिरती वजनं फाकतात आणि तिला मागे ओढतात. कसारा घाट चढताना रॅक पूर्ण पुढे असतो. उतरताना गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय उचललेला असेल, तर तो पार मागे जातो आणि इंजिन डिझेलचा थेंबही घेत नाही.

दट्ट्या आणि बॅरल मिळून मिस्त्रींच्या भाषेत ‘एलिमेंट’. दोघांमध्ये फट असते दोन ते चार मायक्रॉनची. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा धरला तर ही फट किती ते कळेल. तिथे कोणतंही रबरी सील बसत नाही, ही फट हेच सील. म्हणून जोडी जन्मापासून एकत्र घासून जुळवलेली असते आणि एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधी घालायचा नसतो. पंप दुरुस्तीच्या चांगल्या लॅबमध्ये पोरगा उस्तादाच्या हाताखाली आला की पहिला धडा हाच मिळतो. सहा एलिमेंट, सहा डब्या, अदलाबदल नाही.

भारतात हा पंप आयात इंजिनांच्या पोटातून आला. आपल्या महाराष्ट्राचा त्यातला वाटा मोठा आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिन तयार झालं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि विहिरीविहिरीवर इंजिनं धडधडू लागली. शेतकऱ्याच्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनातही तिरप्या खाचेचाच एलिमेंट, फक्त एकुलता एक. ट्रकच्या पंपावर हात बसलेले कितीतरी मिस्त्री आधी पाण्याच्या इंजिनावर शिकले, हे मला या सगळ्या वंशावळीतलं सर्वांत आपलं वाटणारं पान आहे.

१९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली, तीच ‘मायको’. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. जर्मन इंजिनाला जर्मन कुळातला पंप हवा होता आणि तो आता देशातच बनू शकत होता. पुढे मायकोने नाशिकला सातपूरमध्ये कारखाना काढला आणि तिथे नोझल, इंजेक्टर बनू लागले. नाशिकचं ‘मायको सर्कल’ त्याच नावाचं. कंपनीचं नाव २००८ मध्ये अधिकृतपणे बॉश झालं, तरी गॅरेजात जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सची पद्धत वेगळी होती. तिथे पंप फक्त कमी दाबाने डिझेल पुरवायचा आणि जबर दाब प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टर तयार करायचा. ही शाखा जनरेटर आणि मोठ्या यंत्रांत भरपूर दिसली. रस्त्यावरचं राज्य मात्र मुख्यतः बॉश घराण्याचं राहिलं. १९७५ च्या सुमारास बॉशने एकाच दट्ट्यातून सगळ्या सिलिंडरना वाटप करणारा व्हीई रोटरी पंप आणला. तो छोट्या गाड्यांसाठी ठीक होता. जड गाडीने सहा एलिमेंटचा इनलाइन पंप सोडला नाही.

हा इनलाइन पंप बदलणं हे भिवंडीच्या मिस्त्रीचं कसबाचं काम. सहा हाय-प्रेशर पाइप सोडायचे आणि उघड्या तोंडांवर लगेच टोप्या घालायच्या, कारण तिथे शिरलेला धुळीचा कण एलिमेंट ओरबाडतो. आणि भिवंडीच्या हायवेला धुळीची कमतरता कधीच नव्हती. कपलिंग सोडून पंप उतरवला की तो लॅबमध्ये टेस्ट बेंचवर चढतो. मोटर त्याला ठरलेल्या गतीने फिरवते, सहा काचेच्या नळ्यांत सहा एलिमेंटचं डिझेल पडतं आणि पातळ्या जुळेपर्यंत मिस्त्री एकेकाचं माप कमी-जास्त करत राहतो. हेच कॅलिब्रेशन. एक सिलिंडर जास्त पितो आणि दुसरा उपाशी राहतो, अशी गाडी थरथरते, धूर सोडते आणि क्रँकशाफ्टवर सूड उगवते.

पंप परत चढवताना स्पिल टायमिंग. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणायचा, फ्लायव्हीलवरची खूण जुळवायची. पहिल्या एलिमेंटवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची. तिच्यातून डिझेलची धार वाहते. पंप हळूहळू कलता करत जायचं. धार बारीक होते, तुटते आणि थेंब पडू लागतात. दट्ट्याने बॅरलचं भोक झाकलं तो हा क्षण, इथेच नट आवळायचा. दोन-तीन अंश आधी झालं तर इंजिन ठोके देतं, उशिरा झालं तर पांढरा धूर येतो आणि ताकद जाते. शेवटी हातपंप मारून हवा काढायची. एवढ्या सगळ्याला वीज लागत नाही, संगणक लागत नाही. लागते ती नजर आणि सबुरी.

या पंपाला दोन शत्रू भेटले आणि दोन्हींमागे माणसंच होती. पहिला शत्रू आपल्याच बाजूचा. गाडीत पासिंगपेक्षा जास्त माल भरायचा आणि चढाला ताकद हवी म्हणून कंपनीचं शिशाचं सील तोडून कमाल डिझेलचा स्क्रू वाढवायचा. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. पीयूसीत धूर मोजायचं एकक आहे ‘हार्ट्रिज’, आणि हार्ट्रिज ही पंपाचे टेस्ट बेंच बनवणारी ब्रिटिश कंपनी. पंपाची तपासणी आणि धुराची तपासणी एकाच घरातून निघाली, यात आश्चर्य नाही. ज्या लॅबने सील तोडून दिलं तिनेच रस्त्यावरच्या पोरांच्या फुप्फुसात काजळी घातली, असं मी स्पष्ट म्हणेन.

दुसरा शत्रू रॉकेल. रेशनचं स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं की फायदा भेसळ करणाऱ्याचा व्हायचा आणि झीज पंपाची. एलिमेंटला वंगण असतं ते डिझेलचंच. रॉकेलमध्ये तो बुळबुळीतपणा नाही. रोटरी पंपाला तर वेगळं इंजिन ऑइलही मिळत नाही, तो आणखी लवकर जातो. या धंद्यात पैसा किती आणि क्रौर्य किती, हे २५ जानेवारी २०११ ला महाराष्ट्राने पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. पंपाचा इतिहास लिहिताना त्यांचं नाव वगळणं मला शक्य नाही.

मग धुराचे नियम कडक होत गेले. देशभर बीएस-४ आलं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ३५० भाग असायचं, बीएस-६ मध्ये ते १० वर आलं. गंधक काढताना वंगणाचे गुणही जातात, म्हणून रिफायनरीत वेगळं द्रव्य मिसळावं लागतं. आणि इंजिनात आलं कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच सामाईक नळी. जपानमध्ये डेन्सोने १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकवर ते बसवलं होतं. फियाटने विकसित केलेली पद्धत बॉशने घेतली आणि १९९७ पासून ती मोटारींत आली. इथे पंपाचं काम फक्त दाब तयार करायचं, तोही १,८०० ते २,००० बारपर्यंत. कधी आणि किती हे आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. सत्तर वर्षं पंपाने सांभाळलेली दोन्ही कामं त्याच्याकडून काढून घेतली गेली.

पंप बदलणं वरवर सोपं झालं, प्रत्यक्षात महाग झालं. पंप आतून झिजून त्याचा धातूचा कीस सुटला, तर तो रेलमध्ये, सहाही इंजेक्टरमध्ये, परतीच्या पाइपने टाकीपर्यंत जातो. नुसता पंप बदलून भागत नाही. नव्या इंजेक्टरवर कोरलेला कोड लॅपटॉपने ईसीयूत भरावा लागतो. आणि जुनी एक सवय तर जिवावर बेतते. कोणता सिलिंडर मिस मारतोय हे शोधायला मिस्त्री चालू इंजिनावर एकेक पाइपचा नट सैल करायचे. कॉमन रेलवर हे केलं तर सुटलेली धार कातडी भेदून मांसात घुसते. ती जखम दिसते टाचणीएवढी, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो.

हवा स्वच्छ व्हायची तर हा बदल हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उस्तादाकडून पोराकडे, हाताकडून हाताकडे आलेली विद्या अशी एका तारखेला जुनी ठरते, तेव्हा तिच्या मालकांना नवी शिकवणं ही कुणाची तरी जबाबदारी असते. आज ती कुणी नीट घेतलेली नाही. कंपन्यांची प्रशिक्षणं मुख्यतः त्यांच्या अधिकृत केंद्रांतल्या माणसांसाठी असतात. आयटीआयमधला ‘मेकॅनिक डिझेल’ चा अभ्यासक्रम नव्या पोरांसाठी आहे. पन्नाशीतला पंप मिस्त्री दोन्हीकडे बसत नाही, आणि इनलाइन पंपाच्या गाड्या अजून रस्त्यावर असल्यामुळे त्याच्याशिवाय भागतही नाही.

भिवंडीतल्या वाहतूकदार संघटनांनी आणि गोदाममालकांनी एवढं करावं. स्थानिक आयटीआयला सोबत घेऊन या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे कॉमन रेलचे वर्ग काढावेत, स्कॅनरवर हात बसवून द्यावा, उच्च दाबाच्या धोक्याचा धडा आधी द्यावा. आणि त्याच वर्गात त्यांच्याकडून स्पिल टायमिंग आणि कॅलिब्रेशन नव्या मुलांना शिकवून घ्यावं. गाडीमालकांनो, तोवर फिल्टर वेळेवर बदला, टाकीतलं पाणी काढा, आणि कुणी कितीही सांगितलं तरी सील तोडू नका.