चुलीपुढचा श्वास

विसाव्या शतकातील वैद्यकाने दीर्घकालीन फुप्फुसविकाराचे जे चित्र उभे केले, ते मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे होते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाची जी प्रदीर्घ पाहणी सुरू केली, तिच्यातील चौतीस हजारांवर पुरुषांचे निष्कर्ष वेळोवेळी प्रसिद्ध होत गेले. त्याच पाहणीतील सहा हजारांवर स्त्री-डॉक्टरांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडले जायला १९८० साल उजाडावे लागले. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करून फुप्फुसांची क्षमता हळूहळू खाणारा विकार, कसा वाढत जातो हे दाखवणारा फ्लेचर आणि पेटो यांचा १९७७ चा आलेख आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. तो पश्चिम लंडनमधील ७९२ नोकरदार पुरुषांच्या तपासण्यांवर आधारलेला आहे आणि त्यांत एकही स्त्री नाही.

या चित्रात न बसणारे रुग्ण दिल्लीत मात्र त्याच्या कितीतरी आधी नोंदले गेले होते. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, रंगूनला वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या आणि युद्धकाळात जपानी आक्रमणामुळे भारतात आलेल्या डॉ. एस. पद्मावती (१९१७–२०२०) यांनी १९५० च्या दशकात लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात हृदयरोगाचे काम उभे केले. तेथे त्यांच्यासमोर पाय सुजलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, ओठ निळसर पडलेले असे रुग्ण येत. ही लक्षणे फुप्फुसजन्य हृदयविकाराची असतात. फुप्फुसे बिघडली की त्यांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू ताणली जाते आणि अखेरीस थकते. पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी १९५९ मध्ये अशा १२७ रुग्णांचा अभ्यास ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने पुरुषांचा आजार मानला जात असताना दिल्लीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, स्त्रिया तुलनेने कमी वयात आजारी पडत होत्या, आणि त्यांच्यात धूम्रपान करणाऱ्या फारच थोड्या होत्या. कारणांचा शोध घेताना पद्मावतींनी स्वयंपाकघरातील धुराकडे बोट दाखवले. भारतीय वैद्यकाच्या इतिहासात हे निरीक्षण अधिक मानाच्या जागी असायला हवे.

त्या धुराची रचना समजून घ्यायची तर चूल जवळून पाहावी लागते. मातीची चूल, शेजारी तिच्याच आचेवर चालणारा वैल, जळणाला काटक्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, आणि धूर बाहेर जायला बहुधा कौलांच्या फटी एवढीच वाट. पावसाळ्यात सरपण ओले असते आणि जाळ विझू लागतो, तेव्हा बाई फुंकणी तोंडाला लावते. पण फुंकण्यापूर्वी छाती भरून श्वास घ्यावा लागतो आणि तो चुलीच्या तोंडाशी, धुरातच घेतला जातो. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा मोजण्याची उपकरणे लावली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत दर घनमीटर हवेत सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम कण आढळले.

धुराचे सूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचले की तेथील भक्षक पेशी ते गिळतात आणि रासायनिक संदेश सोडून रक्तातील इतर पांढऱ्या पेशींना बोलावतात. या साऱ्या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. दाह मुळात संरक्षणासाठी असतो. परंतु रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे तो पेटत राहिला, तर श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात आणि त्यांत व्रणासारखे तंतू साठतात. सिगारेटमुळे वायुकोश फाटून पोकळ होण्याचे प्रमाण अधिक, तर सरपणाच्या धुरात श्वासनलिकांचे हे जाड होणे अधिक, असा फरक पुढील अभ्यासांत दिसून आला.

स्त्रीच्या देहाचाही यात वाटा आहे. फुप्फुसांचे आकारमान सारखे असले तरी स्त्रियांच्या मोठ्या श्वासनलिका पुरुषांपेक्षा अरुंद असतात. दमा बालपणी मुलांत अधिक आढळतो, वयात आल्यानंतर मात्र स्त्रियांत. याचा संबंध स्त्री-संप्रेरकांशी जोडला जातो. तथापि केवळ देहाकडे बोट दाखवून थांबले, तर चुलीपुढे कोणाला बसवले गेले हा प्रश्न मागे पडतो. दिल्लीतील त्या स्त्रियांचा आजार घरातील कामाच्या वाटणीतूनही आला होता. शिवाय निदानातही भेद होता. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील डॉक्टरांपुढे एकाच लक्षणांच्या काल्पनिक रुग्णाचे वर्णन ठेवले गेले, तेव्हा रुग्ण पुरुष असल्यास सीओपीडीचे निदान अधिक वेळा झाले.

धूर घरातून घालवण्याचे प्रयत्न मात्र रोगनिदानाच्या आधीचे आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून, १९४७ च्या सुमारास धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा आराखडा मांडला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने कोट्यवधी चुली बसवल्या, पण दुरुस्तीची सोय नसल्याने अनेक चुली भंगल्या आणि २००२ मध्ये केंद्राने आपला हात काढून घेतला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यात पोहोचवला, तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भागातील केवळ ४३ टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती.

चंडीगडच्या बेहेरा आणि जिंदल यांनी १९९१ मध्ये चुलीपुढचे रोजचे तास आणि त्यात गेलेली वर्षे यांचा गुणाकार करून धुराचे माप ठरवले. रोज चार तास, तीस वर्षे चूल पेटवणाऱ्या स्त्रीचे माप त्यानुसार १२० होते. कधीही विडी न ओढलेली पन्नाशीची बाई धाप लागते म्हणून दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या केसपेपरवर हा आकडा लिहिला जावा, आणि फुंकून श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्रीची साधी चाचणी केल्याशिवाय ‘अशक्तपणा’ म्हणून तिला परत पाठवले जाऊ नये.